लिंक रोडवरचा एक चौक आणि माझी दीड वर्षं

गेल्या काही महिन्यांत पाच-सहा जणांनी फोन करून विचारलं, "आमच्याकडेही सायकलवाल्यांना असाच धोक्याचा चौक आहे, तो सुधारून घ्यायला सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. आता एकदाच सगळं लिहून काढते, तारखांसकट. माझी डायरी शेजारी आहे, त्यामुळे तारखा आठवणीवर सोडलेल्या नाहीत.

मी नाशिकला, सिडकोत पवननगरला राहते आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. घर ते कंपनी साडेचार किलोमीटर. २०१९पासून सायकलनेच जाते. व्यायामाचं नंतर सुचलं, आधी पेट्रोल परवडेना म्हणून सुरू केलं होतं.

११ जुलै २०२३, मंगळवार, सकाळचे सात चाळीस. पाऊस भुरभुरत होता. अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या आमच्या चौकात मला सरळ जायचं होतं. मागून कामगारांची ने-आण करणारी बस आली, माझ्या उजवीकडून पुढे गेली आणि लगेच डावीकडे वळली. बसचं तोंड समोरून गेलं तेव्हा वाटलं, सुटले. पण बस वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापत येतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ते चाक माझ्याकडे सरकत आलं तशी मी सायकल डावीकडे ओढली आणि पुढचं चाक रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराच्या जाळीत गेलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर, मधली फट माझ्या टायरपेक्षा रुंद. सायकल जागच्या जागी थांबली, मी पुढे फेकले गेले. बसचं चाक माझ्या पायापासून दोन हातांवरून गेलं.

कोपराला चार टाके पडले, डावं मनगट मुरगळलं, सायकलची रिम वाकली. एक्स-रे, टाके, औषधं मिळून ३,४०० रुपये. रिम आणि पुढचा फोर्क ११५०.

लोक जमले आणि दोघा-तिघांनी ड्रायव्हरची कॉलर धरली. पन्नाशीचा माणूस, हात थरथरत होते. माझ्याकडे बघून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "ताई, तुम्ही मला दिसल्याच नाहीत." मला प्रचंड राग आला. पिवळाधमक रेनकोट घातलेली बाई दिसत नाही म्हणजे काय? हे वाक्य मी पुढचे पाच महिने खोटं समजत होते.

मला दवाखान्यात एका रिक्षावाल्या दादांनी नेलं. पैसे घेतले नाहीत. जाताना हळूच विचारलं, "मला पोलिसात यावं लागंल का?" त्यांना आणि सगळ्यांनाच सांगायची गोष्ट अशी की, २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं आहे. जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. आपलं नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही.

पोलिस ठाण्यात मी स्टेशन डायरीत नोंद केली. मार किरकोळ असला तरी नोंद कराच. मी केली ती चिडून केली होती, पण पुढे प्रत्येक कार्यालयात तोच कागद उपयोगी पडला. नोंद नसेल तर त्या चौकात कधी काही घडलं होतं हे कागदावर कुठेच नसतं. गाडीचा नंबर, वेळ, जागेचे फोटो त्याच दिवशी घेऊन ठेवा. आणि ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२पासून केंद्राची भरपाई योजना आहे: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यू झाल्यास २ लाख. मला तिची गरज पडली नाही. पण अंबडला ज्यांना पडली असती, त्यांना ती ठाऊकच नव्हती.

तीन आठवडे घरी होते. सासूबाईंनी स्कूटीची चावी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "बास झाली आता सायकल." त्यांचं चूक नव्हतं. घरी बसून मी सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक संतापाचा मजकूर टाकला, ड्रायव्हर कसे बेदरकार असतात वगैरे. तासाभरात समोरून सुरू झालं: सायकलवाले सिग्नल पाळतात का, राँग साइडने कोण येतं, कानात हेडफोन कोणाच्या असतात. रात्रीपर्यंत दीडशेच्या वर मेसेज झाले. त्या सगळ्या भांडणात चौकाचं नाव कोणी काढलं नाही आणि जाळीचं तर मीही नाही.

७ ऑगस्टला पहिला अर्ज दिला. अठरा मागण्या होत्या त्यात. संपूर्ण लिंक रोडला सायकल ट्रॅक, दिवे, कॅमेरे, दंड, जनजागृती, सगळं. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडच्या आराखड्यात सायकल ट्रॅक होता, मग आमच्याकडे का नाही, असंही लिहिलं. टेबलावरच्या माणसाने अर्ज घेतला, मी समाधानाने घरी आले. १८ सप्टेंबरला चौकशीला गेले तर अर्ज सापडेना. "पोच आहे का?" माझ्याकडे पोच नव्हती.

म्हणून पहिली सूचना हीच: अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या. आवक-जावक विभागातच द्या, साहेबांच्या हातात नको. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांना भेटायचं असेल तर त्यानंतर भेटा.

त्या संध्याकाळी कंपनीच्या स्टोअरमधल्या दादांना हे सांगत होते. दादा आमच्याकडे सगळ्यात जुने, सव्वीस वर्षं सायकलवर. ते म्हणाले, "ताई, कागद लिहिण्याआधी चौकात उभं राहून बघितलं का?" नव्हतं बघितलं. रोज तिथून जात होते, पण थांबून कधी पाहिलं नव्हतं.

मग मी, दादा आणि आणखी एक जण, असे तिघं लागोपाठ तीन दिवस सकाळी सात ते नऊ चौकात उभे राहिलो, वही-पेन घेऊन. एकेका सकाळी तीनशेच्या वर सायकली गेल्या. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या. डावीकडे फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता वळायची मुभा, असल्यामुळे बस आणि टेम्पो वेग कमी न करताच वळत होते. दुभाजकातली फट दूर, त्यामुळे कॉलनीतून येणारे कामगार राँग साइडनेच यायचे. पण माझे डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी. जाळीच्या आधी पंधरा-वीस फुटांवर एकामागोमाग एक सायकलवाले उजवीकडे सरकत होते. सगळ्यांना ती जाळी माहीत होती, तिच्यात चाक जातं हेही माहीत होतं. ते जाळी चुकवत आणि नेमके वळणाऱ्या बसच्या पुढ्यात येत. "सायकलवाले अचानक मधे घुसतात" ही ड्रायव्हरांची तक्रार आणि "बसवाले अंगावर येतात" ही आमची, दोन्ही एकाच जागी, एकाच जाळीपाशी जन्माला येत होत्या. अशा चार जाळ्या होत्या चौकात.

नाशिकमध्ये सायकलचं वेड नवं नाही. २०१५ साली महाजन बंधूंनी, दोघेही इथले डॉक्टर, 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. दरवर्षी इथून पंढरपूरला सायकल वारी जाते. रविवारी सकाळी गंगापूर रोडला गेलात तर हेल्मेटवाल्यांची रांग दिसेल आणि मला त्यांचं कौतुकच आहे. पण कार्यालयात "सायकलस्वार" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढे तेच चित्र येतं, रविवारच्या हौसेचं. अंबडला सकाळी सातला जो येतो त्याच्या कॅरिअरला डबा असतो, पायात चप्पल असते. तो पेठ-सुरगाण्याकडून येऊन खोली करून राहिलेला असतो, नाहीतर थेट बिहार-झारखंडचा. त्याला सायकलशिवाय दुसरं वाहन परवडत नाही. म्हणून दुसऱ्या अर्जाला मी डबा लावलेल्या सायकलींचे फोटो जोडले. ते फोटो बघून बोलण्याचा सूर बदलतो, हे मी तीन वेळा अनुभवलं.

दुसरा अर्ज २७ सप्टेंबरला, आवक क्रमांकासह. नोव्हेंबरात उत्तर आलं: सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. मग कोणाच्या? तोंडी विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. नगरसेवकाकडे जावं तर महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्येच संपलेली, प्रशासक नेमलेले.

११ डिसेंबरला माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. आपल्या राज्यात हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हे लक्षात ठेवा. माझा पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता. "का केलं नाही" असं विचारू नका, कागद मागा. मी तीनच गोष्टी मागितल्या: या चौकातल्या रस्त्याच्या देखभालीची जबाबदारी ज्या आदेशाने दिली त्याची प्रत, पावसाळी गटाराच्या कामाच्या कागदांची प्रत आणि गेल्या तीन वर्षांत तिथे केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. मुदत तीस दिवसांची असते, मला ५ जानेवारी २०२४ला पत्र आलं: चौदा पानं, पानाला दोन रुपये, अठ्ठावीस रुपये भरा. भरले. त्या चौदा पानांत कळलं की रस्ता एकाचा, गटार दुसऱ्या विभागाचं, सिग्नल आणि फ्री लेफ्ट तिसऱ्यांच्या हातात. म्हणजे माझे आधीचे दोन्ही अर्ज चुकीच्या दारात पडले होते.

फेब्रुवारीत तीन ठिकाणी तीन छोटे अर्ज दिले. प्रत्येकात एकच मागणी, ज्याची त्याला. आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नाशिकचं मतदान २० मेला झालं, ४ जूनला निकाल लागले, तरी आचारसंहिता उठली नाही, कारण आपल्या विभागात शिक्षक मतदारसंघाची निवडणूक २६ जूनला होती. या चार महिन्यांत लोकशाही दिनही, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस, भरला नाही. मी दोनदा रजा टाकून जाऊन आले, दोन्ही रजा वाया गेल्या. तुम्ही आधी फोन करून विचारा.

हे चार महिने मला जड गेले. सायकल मी ऑगस्ट २०२३च्या शेवटीच पुन्हा सुरू केली होती, पण बरेच दिवस त्या चौकात उतरून, हातात धरून पलीकडे न्यायचे. बसचा आवाज मागून आला की खांदे आपोआप आकसायचे. आता मागे वळून पाहिलं तर मला तगवलं ते अर्जांच्या बाहेरच्या एका गोष्टीने. ती सांगण्यासाठी डिसेंबर २०२३मध्ये परत जावं लागेल.

त्या ड्रायव्हर काकांना मी शोधून काढलं. ठेकेदाराचं नाव माहीत होतं, पार्किंगची जागा दादांना ठाऊक होती. रविवारी सकाळी गेले, ते बस धूत होते. मला बघून पांढरे पडले. त्यांना वाटलं, केस करायला आले. बोलता बोलता कळलं की त्या घटनेनंतर त्यांना पंधरा दिवस कामावरून बसवलं होतं, बिनपगारी. घरी सांगितलंही नव्हतं, रोज डबा घेऊन बाहेर पडायचे.

मी विचारलं, "काका, मी खरंच दिसले नव्हते?"

ते म्हणाले, "चढा वर."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. त्यांनी माझी सायकल नेऊन बसच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापाशी उभी केली आणि स्वतः तिच्यावर बसले. मला काहीच दिसेना. दाराच्या पत्र्याच्या खाली सगळं झाकलेलं. त्यांनी सायकल मागे मागे नेली. बऱ्याच मागे गेल्यावर डाव्या आरशात त्यांचा अर्धा खांदा आला, तोही क्षणभर. मग त्यांनी आरशावर बादलीतल्या पाण्याचा हबका मारला. "आता पावसाळा समजा." आरशात नुसते ओघळ. माझा पिवळा रेनकोट त्या दिवशी तिथे असता तरी एक पिवळट डाग दिसला असता, फार तर.

मी खाली उतरले तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी होतं. पाच महिने मी एका खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवत होते. काकांनी मला चहा पाजला. तिथेच ठरलं की हे सगळ्या ड्रायव्हरांना आणि सगळ्या सायकलवाल्यांना एकमेकांच्या जागेवर बसवून दाखवायचं. ते ठरवणं सोपं होतं. घडायला तेरा महिने लागले, कारण रविवारी ड्रायव्हर आले तर त्यांची हजेरी कोण देणार, या एका प्रश्नावर ठेकेदार अडला होता.

आता लोकशाही दिन. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आधी खालच्या पातळीवर दाद मागितलेली असावी लागते, त्याची पोच जोडायची. आम्ही चाळीस जणांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं होतं, ते तिथे चालत नाही. तक्रार वैयक्तिक असावी लागते, संस्थेच्या लेटरहेडवरची घेत नाहीत. म्हणून मी ती माझ्या अपघाताची तक्रार म्हणून लिहिली, स्टेशन डायरीची नोंद जोडली आणि १५ जुलैला दिली.

५ ऑगस्ट २०२४. सकाळी दहाला जाऊन बसले, नंबर एक वाजता लागला. मला चार मिनिटं मिळाली. अधिकाऱ्यांनी अर्ज चाळला आणि विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

वर्षभरापूर्वीची मी असते तर अठरा मागण्या सुरू केल्या असत्या. मी मोठा फोटो पुढे ठेवला, जाळीत अडकलेलं चाक, आणि म्हटलं, "या चार जाळ्या आडव्या करून हव्यात." त्यांनी फोटो उचलून नीट पाहिला. शेजारच्या अभियंत्यांना पंधरा दिवसांत पाहणी करायला सांगितलं.

२२ ऑगस्टला कनिष्ठ अभियंता आले. तरुण मुलगा होता. त्याने माझी सायकल घेऊन स्वतः चाक फटीत घालून पाहिलं, मग गुडघ्यावर बसून टेपने मोजमापं घेतली. दोन जाळ्यांची चौकट चौरस होती, त्या उचलून नव्वद अंशांत फिरवल्या की काम होणार होतं. उरलेल्या दोन लांबट, त्या फिरवल्या तर बसणार नव्हत्या. त्यांना वरून आडव्या सळ्या वेल्ड करायच्या ठरल्या. तुमच्याकडेही हे आधी बघून ठेवा. चौकट चौरस असेल तर नवी जाळी लागतच नाही, आणि "निधी नाही" हे उत्तर यायच्या आत तुम्ही ते सांगू शकता.

मी दर आठवड्याला एक फोन केला, मंगळवारी अकराला. आवाज चढवला नाही. ९ ऑक्टोबरला वेल्डिंगचा टेम्पो आला आणि अडीच तासांत चारही जाळ्या झाल्या. सहा दिवसांनी, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. ते काम तेव्हा राहिलं असतं तर किती लांबलं असतं, याचा विचार नको वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दादा पुन्हा वही घेऊन उभे राहिलो. सायकलवाले सवयीने अजूनही उजवीकडे सरकत होते. त्यांना थांबवून सांगावं लागलं, "कडेने जा, जाळी बदलली." सवय मोडायला महिना गेला.

जानेवारी हा रस्ता सुरक्षा महिना. या महिन्यात पोलिस, परिवहन विभाग, कंपन्या, सगळ्यांनाच कार्यक्रम हवे असतात. तुमची कल्पना डिसेंबरात घेऊन जा, जानेवारीत कोणाला वेळ नसतो. आमच्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरनी ती उचलून धरली, त्यांनी ठेकेदाराशी बोलून हजेरीचा प्रश्न सोडवला आणि १९ जानेवारी २०२५, रविवार, हा दिवस ठरला. कंपनीच्या मोकळ्या मैदानात एकतीस ड्रायव्हर आणि चोवीस सायकलवाले आले. एक मोटार वाहन निरीक्षकही आले होते.

सुरुवातीला दोन्ही गट वेगवेगळे बसले. मग काकांनी बस बाहेर काढली. मैदानावर आम्ही फक्कीने एक वळण आखलं होतं. काकांनी बस हळू वळवली, दादांनी पुढच्या चाकामागे एक आणि मागच्या चाकामागे एक अशा फक्कीच्या रेघा ओढत नेल्या. वळणाच्या मध्यावर दोन रेघांत एवढं अंतर पडलं की त्यात आडवी सायकल मावली. दुसरं काही सांगावंच लागलं नाही. सायकलवाले गप्प उभे होते. एक झारखंडचा मुलगा म्हणाला, "हम तो रोज यहीं खड़े रहते हैं।"

मग ड्रायव्हरांना सायकलवर बसवलं आणि शेजारून बस नेली, तिशीच्या वेगात, आधी तीन फुटांवरून, मग पाच फुटांवरून. तिशीत गाडी सेकंदाला आठ मीटर जाते, पन्नाशीत चौदा. ते आकडे निरीक्षकांनी सांगितले, पण वाऱ्याचा तो धक्का अंगावर घेतल्यावर एक तरणा ड्रायव्हर उतरून म्हणाला, "हँडलच वढलं गेलं राव." जर्मनीत २०२०पासून शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे असा ठरीव आकडा नाही, पण २०१७च्या मोटार वाहन चालक विनियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचं कर्तव्य चालकावर टाकलेलं आहे. आम्ही दीड मीटरची मागणी मांडली. ड्रायव्हर म्हणाले, सकाळी लिंक रोडवर एवढी जागा देवही देऊ शकणार नाही. खरं होतं ते. शेवटी ठरलं ते असं: जागा नसेल तर ओलांडायचं नाही, मागे राहायचं. आणि डावीकडे वळायचं असेल तर शेवटच्या पन्नास मीटरमध्ये सायकलला मागे टाकायचंच नाही.

हॉर्नवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पॅकिंगमधली एक बाई उठून म्हणाली, "कानाशी वाजला की जीव उडतो, हात हलतो." एक ड्रायव्हर म्हणाले, "ताई, हॉर्न म्हंजी शिवी नव्हं. 'मी आलोय' एवढंच सांगतो आम्ही." मला हे कधी सुचलंच नव्हतं. लांबून, तीस मीटरवरून, एकदाच वाजवायचा असं ठरलं. ड्रायव्हरांच्या तक्रारीही आम्ही लिहून घेतल्या आणि त्यातली एकही खोटी नव्हती: हात न दाखवता वळणं, टेम्पोला धरून चालणं, हेडफोन, अंधारात दिव्याशिवाय येणं. सिग्नलला बसच्या डाव्या कुशीत उभं राहणं तर सगळ्यांनीच सांगितलं. ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, एवढी एक खूण त्या दिवशी सायकलवाले घेऊन गेले. मोटारवाल्यांसाठीही एक गोष्ट शिकलो: कडेला लावलेल्या गाडीचं उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं, मागून येणारी सायकल दिसते. सिडकोच्या गल्ल्यांत याचा फार उपयोग आहे.

२६ जानेवारीला सायकल फेरीही काढली. तिच्या परवानगीसाठी स्थानिक पोलिस ठाणे आणि वाहतूक शाखा, दोन्हीकडे अर्ज द्यावा लागला. फोटो छान आले. पण तेवढीच मेहनत पुन्हा करायची झाली तर मी फेरीऐवजी फक्कीच्या रेघा दुसऱ्या मैदानावर ओढेन.

फेब्रुवारीत रेडियमच्या, म्हणजे उजेड पडला की चमकणाऱ्या, पट्ट्या. द्वारका भागात ट्रकच्या सामानाच्या दुकानातून दोन रोल आणले, १,८५०ला एक. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. तीन संध्याकाळी कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून जवळपास पावणेदोनशे सायकलींना लावल्या. मडगार्ड आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडं करा, नाहीतर पट्टी आठवड्यात निघते. आमच्या पहिल्या दिवशीच्या बऱ्याच निघाल्या. माहितीचं पत्रक मराठीबरोबर हिंदीतही काढा. आम्ही ते उशिरा केलं.

सगळा खर्च सांगायचा तर: माहिती अधिकाराचे ३८ रुपये, झेरॉक्स आणि फोटो ६२०, रेडियम ३,७००, पत्रकं ९००, त्या रविवारचे पोहे-चहा १,६५०. एकूण ६,९०८ रुपये, अकरा जणांत. रजा मात्र माझ्या सात गेल्या.

१२ मार्चला चौकात झेब्रा आणि थांब-रेषा रंगवल्या गेल्या. डाव्या वळणावर लवचीक खांब लावून कोपरा आवळला, त्यामुळे बसला वेग कमी केल्याशिवाय वळताच येत नाही. पाचपैकी दोन खांब महिन्यात मोडले, ते अजून तसेच आहेत. दुभाजकातली फट झालेली नाही, त्यामुळे राँग साइडने येणं चालूच आहे. पाचशे-सहाशे मीटरचा वळसा घालायला मी कोणाला सांगू शकत नाही, ज्याची सातची पंचिंग असते. तो अर्ज वेगळा चालू आहे आणि त्याला वेळ लागेल.

२०२७च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची कामं निघत आहेत. नवा रस्ता झाला की नव्या जाळ्या बसतात. तुमच्या भागात खोदकाम दिसलं तर जाळी बसायच्या आधी जाऊन पट्ट्यांची दिशा बघा. त्या वेळी ती तोंडी सांगूनही बदलते.

पुढच्या चौकात दोन जाळ्या आहेत, दोन्ही चौरस. त्यांचा अर्ज ९ जूनला दिला, पोच घेतली. महिन्याने, ९ जुलैला, विचारायला जायचं आहे. अर्जावर दोन सह्या आहेत, एक माझी आणि दुसरी ड्रायव्हर काकांची.